शनिवारची मूठ

तांदळाच्या डब्यात हात घातला तर बोटांना नुसता पत्रा लागला, आणि त्याच वेळी चर्चची म्हातारी झोळी धरून दारात उभी राहिली. माझा नवरा कामाला होता ती गिरणी बंद पडली होती. दोन्ही पोरी भुकेनं रडून झोपल्या होत्या.

आमच्या चर्चमध्ये दर शनिवारी घरटी मूठभर तांदूळ द्यायची रीत होती. ते गोळा करायला ही म्हातारी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या सदरहून आमच्या सक्करदऱ्यापर्यंत पायी यायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. झोळीत मूठ पडताना ती तोंड फिरवून समोरच्या कडुलिंबाकडे बघायची. कोणी किती टाकलं ते तिला बघायचंच नसायचं.

"आज माहे हाडंच घेऊन जा, बाई," मी म्हणाले.

"हाडाची का खिचडी होते वं? हात घाल झोळीत."

"घरात दाणा नाही."

"नसू दे. हात तं घाल. एकडाव सोडलं का मंग सुटूनच जाते. अन् उद्या पोरीइले घेऊन जेवाले ये."

तिनं तोंड फिरवलं. मी चिडून झोळीत रिकामी मूठ उघडली.

ज्यांच्या घरी काही नाही, त्यांच्यासाठी रविवारी चर्चमागे त्याच तांदळाची खिचडी शिजायची. एरवी मी लाजेनं गेले नसते. पण माझी मूठ पडली होती, म्हणून मान वर करून पंगतीत बसले आणि येताना डबाही भरून आणला. गिरणी सुरू होईपर्यंत ती दर शनिवारी आली, उन्हातही आली.

मी, नवरा आणि दोन्ही पोरी, चौघंही जगलो.