शाकिरभाऊंची टीप

शाकिरभाऊ माणूस लाख मोलाचा, पण त्यांच्या काटेकोरपणानं माझं डोकं फिरायचं. जळगाव जामोदच्या आमच्या कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्याचा कॉम्प्युटर ते सांभाळायचे आणि मी पावत्या छापायची. कॉम्प्युटरात एक शब्द जरी बदलला तरी त्या ओळीच्या डोक्यावर यांची टीप हजर. तारीख, कोणी सांगितलं, कशासाठी, सगळं. मी चिडवायची, "निकाहनामा लिहून राह्यले का, भाऊ?"

"ताई, मले सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, हे कुठून आठवन?" असं म्हणून हसायचे.

काट्याचा प्रोग्राम दरवर्षी हंगामाआधी नव्या सीडीवर यायचा. सीडी टाकली की पडद्यावर प्रश्न यायचा: तुमची जुनी सेटिंगची फाइल ठेवू, की सोबत आलेली नवी घेऊ? एका वर्षी नवी घेतली, तर आम्ही भरलेली गावांची सगळी नावं उडाली आणि दोन दिवस गाड्या रस्त्यावर उभ्या. शिव्या खाल्ल्या त्या वेगळ्याच. तेव्हापासून शाकिरभाऊ डोळे झाकून 'जुनी'चं बटण दाबायचे.

दोन हजार आठच्या हंगामात बीटी कापसावर लाल्या पडला. पानं लाल झाली, बोंडं भरली नाहीत, आणि महागाचं बियाणं पेरून लोकांच्या घरात मूठभर कापूस आला. अशा वर्षी कोण किलो सोडतो? भगवानराव नावाचे एक शेतकरी घरून तोलून आले, आणि आमच्या पावतीत क्विंटलमागे दोन किलो कमी! गर्दी जमली. काट्यावर गोविंदा होता, पंधरा वर्षांपासूनचा माणूस. लोकांनी त्याची कॉलरच धरली. "किती वर्सापासून खाऊन राह्यला बे आमचा कापूस?"

आमचे मालक वामनराव बाहेर आले. ना विचारपूस, ना काही. "गोविंदा, उद्यापासून येऊ नको. पोलिसात देतो तुले." गोविंदा धाय मोकलून रडायला लागला. "लेकराची शपथ, भाई, म्या काही नाही केलं," असं शाकिरभाऊंचा हात धरून सांगत होता. त्याचं तोंड मला आजही आठवतं.

शाकिरभाऊंनी आधी सरकारी शिक्क्याची वजनं काट्यावर ठेवून पाहिली. काटा बरोबर होता. म्हणजे खोट कॉम्प्युटरात. मग त्यांनी सीडीवरची मूळ फाइल काढली आणि आमची फाइल तिच्याशी लावून पाहिली. कॉम्प्युटर फक्त फरकाच्या ओळी दाखवतो. अकरा निघाल्या. नऊ ओळी गावांच्या नावांच्या, एक प्रिंटरची. अकरावी वजनातल्या कपातीची: मूळ फाइलीत शून्य, आमच्यात दोन.

शाकिरभाऊ पडद्याकडे बघतच राहिले. तीन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर अवकाळी पाऊस होऊन सगळा कापूस भिजला होता, तेव्हा ओलाव्यापायी आठ दिवसांसाठी घातलेली ती ओळ. काढायची राहिली, आणि दर हंगामात 'जुनी'चं बटण दाबताना तीही मागोमाग येत गेली.

"माझीच ओळ आहे, ताई."

"पुसून टाका. आत्ताच्या आत्ता! कोणाले कळते?"

"मंग गोविंदा?"

"अन् तुमची नाजिश? बारावीले आहे पोरगी. तिचा काही विचार?" मी चिडून बोलले. त्यांनी त्या ओळीची टीप कागदावर छापली आणि सरळ अंगणात गेले.

शंभरेक माणसांपुढे त्यांनी टीप वाचली. "बारा नोव्हेंबर, दोन हजार पाच. ओला कापूस. क्विंटलमागे दोन किलो कपात, आठ दिवस. मालकांच्या सांगण्यावरून. शाकिर." मग म्हणाले, "आठ दिवसांनी काढायची होती. म्या विसरलो. गोविंदाचा काही दोष नाही."

वामनराव भडकले. "मी? मी कधी सांगितलं? वंदनाले विचारा, ती तेव्हापासून इथंच आहे!"

सगळे माझ्याकडे वळले. मला चांगलं आठवत होतं. वामनराव दारात उभं राहून भिजलेली टोपी पिळत पिळत बोलले होते आणि मी पावतीपुस्तक घेऊन तिथंच होते. पण घर माझ्या एकटीच्या पगारावर चालत होतं.

"मले नाही आठवत," मी म्हणाले.

शाकिरभाऊंनी कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. गोविंदा कामावर राहिला, आणि शाकिरभाऊंना त्याच संध्याकाळी काढलं. आता बसस्टँडजवळ मोबाइल दुरुस्त करतात. मी दिसले की "बरं आहे न, ताई?" एवढं विचारतात. त्यापेक्षा त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यांना काढलं त्याच्या दुसऱ्या दिवशी ती ओळ काढायचं काम वामनरावांनी मलाच सांगितलं. मी फाइल उघडली. टीप होती, अगदी त्यांनी वाचली तशीच. फक्त 'मालकांच्या सांगण्यावरून' आणि 'शाकिर' यांच्या मधले दोन शब्द त्यांनी अंगणात वाचले नव्हते.

'समोर वंदनाताई.'