तीनशे पन्नासाची रेघ

श्री. अंबादासराव टेंभुर्णीकर यांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत, तेव्हा चार ओळी तुम्हीही लिहा, असा गौरव समितीचा निरोप आला आणि मी चक्रावलोच. मी चार इयत्ता शिकलेला. बियाण्याच्या गोदामात मापारी म्हणून माझे केस पिकले. शिवाय वयाने अंबादासरावांपेक्षा सात वर्षांनी थोरला. पण गुरू आपल्याहून धाकटा असू नये, असे कुठल्या पोथीत लिहिले आहे? म्हणून लिहितो. चुकले-माकले तर मंडळींनी सांभाळून घ्यावे.

निजामाचे राज्य जाऊन तेव्हा चार-पाच वर्षे झाली असतील. अंबादासराव हैदराबादेत उर्दूतून गणित शिकून जालन्याला शेतकी खात्यात आकडेवारीच्या कामावर नव्याने आले होते. पहिल्याच दिवशी ते गोदामात आले, टोपी काढून घाम पुसला आणि म्हणाले, "लिंबाजीअप्पा, या पोत्यांतलं बियाणं उगवेल का?"

मी एक दाणा दाताखाली धरून पाहिला. "उगवंल की. बिलकुल उगवंल."

"किती?"

"समदंच."

"समदं म्हणजे शंभरात किती?"

आता काय सांगावे? चाळिशी कधीच ओलांडलेली, सगळा जन्म दाण्यांत गेलेला, आणि हा प्रश्न मला कोणी विचारलाच नव्हता. अंबादासराव हसले नाहीत. "मलाही माहीत नाही. आपण दोघं मिळून बघू," एवढेच म्हणाले. माणसाची पहिली ओळख मला अशी झाली.

मस्तगडात त्यांनी खोली घेतली होती. कचेरी सुटली की मी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसे. पुस्तक माझ्याच्याने वाचवत नसे, म्हणून त्यांनी एक रांजण भरून चिंचोके आणवले. दहातल्या एकाला चुना फासला, सगळे कालवले आणि मला म्हणाले, "न बघता शंभर काढा, चुन्याचे मोजा, परत टाका." महिनाभर मी तेच करत होतो. कधी आठ, कधी तेरा, कधी नेमके दहा, एकदाच सतरा. बायको म्हणाली, "चिंचोके मोजून राह्यले! येड लागलं का काय तुम्हाला?" पण मी थक्क झालो होतो. आंधळ्या हाताने काढलेले आकडे, तरी गाय जशी दाव्याच्या लांबीपलीकडे चरत नाही, तसे ते दहाच्या अवतीभवतीच फिरत. नशिबालाही दावे असते, हे मला त्या रांजणाने शिकवले.

पुढे एका उन्हाळ्यात परगावाहून सुधारित ज्वारीची दोनशे पोती आली. सोबत चिठ्ठी होती : शंभरात नव्वद दाणे उगवतात. खरे की खोटे, हे वाटपाआधी तपासायचे होते. अंबादासरावांनी मला चारशे दाणे ओल्या गोणपाटात मांडायला सांगितले. आठव्या दिवशी मोजले, तर तीनशे एक्क्याण्णव उगवलेले! मी हरखलो. माझी लेक केदारखेड्याला दिलेली. तिचे सासरे रंगनाथराव गावासाठी बियाण्याच्या खटपटीत होते. मी कोणाला न विचारता त्यांना सांगावा धाडला, "माझा शब्द हाय, बियाणं मोत्यासारखं हाय. गाड्या घेऊन या."

अंबादासराव मात्र गोणपाटाकडे पाहत उभे होते. "अप्पा, नव्वदच्या हिशेबानं तीनशे साठच्या आसपास हवे होते. इतकं जास्त? दाणे कसे उचलले?"

"कसे म्हंजे? हातानं!"

"दाखवा उचलून."

मी पोत्यात हात घातला आणि दहा दाणे काढले. त्यांनी ते आपल्या तळहातावर घेतले. दहाही टपोरे, एकही किडका नाही. मी मुद्दाम काही केले नव्हते हो! पण तीस-पस्तीस वर्षे बियाणे निवडलेला हात; पोचट दाणा बोटांतून आपोआप निसटायचा. गावाकडच्या माणसानेच करावी अशी ही चूक. माझ्या हाताचा मला जो अभिमान होता, त्यानेच माती केली.

दुसऱ्यांदा त्यांनी चिठ्ठ्या टाकून पोती काढली, तळातले, मधले, वरचे दाणे एकत्र कालवून अर्धे-अर्धे करत नेले, आणि उरलेल्या ढिगातले सलग चारशे दाणे, जसे येतील तसे, मांडले. मोजणीआधी वहीत लिहिले : मूळ आणि कोंब दोन्ही दिसले तरच दाणा उगवला. मोजणी आठव्या दिवशी. साडेतीनशे किंवा त्याहून कमी उगवले, तर नव्वदचा दावा मान्य नाही. खाली रेघ मारून सही केली. मी विचारले, "साडेतीनशेच का?" तर म्हणाले, "दावा खरा असूनही नशिबानं एवढं खाली घसरणं शंभरातून पाच-सहा वेळाच व्हायचं. तेवढी चूक मी पदरात घेतो."

आठव्या दिवशी सकाळी केदारखेड्याच्या पंधरा गाड्या गोदामापुढे उभ्या! मृग तोंडावर आलेला. रंगनाथराव माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते आणि मी मोजत होतो. भरले नेमके साडेतीनशे. आणि एक दाणा असा, की तडकलेला, मुळाचे टोक बाहेर, पण कोंब नाही; तो धरला तर तीनशे एक्कावन्न, म्हणजे रेघेच्या वर.

"इवाई, त्यो फुटलेला हाय की," रंगनाथराव म्हणाले. "धरा त्याला बराबर!"

मी अंबादासरावांकडे पाहिले. माझा शब्द, लेकीचे सासर, गावाची पेरणी, सगळे त्या एका दाण्यावर येऊन बसले होते. "साहेब, उद्यापस्तोर कोंब येईल याला."

"येईलही. पण मोजायचा दिवस आजचा ठरलाय."

"एका दाण्यापायी पंधरा गाड्या अडवता?" रंगनाथराव कडाडले. "आन् इवाई, तुमचा शब्द तरी भरवशाचा म्हणून आल्तो आम्ही!"

अंबादासराव शांतपणे म्हणाले, "रंगनाथराव, रेघ कुठंही ओढली तरी तिच्या काठावर एखादा दाणा बसणारच. आज याला आत घेतलं, तर उद्या शेजारच्याला नाही कसं म्हणू? आणि अप्पांना बोल लावू नका. दाणे कसे उचलायचे हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. चूक माझी आहे." अहवालातही त्यांनी तेच लिहिले. माझे नाव कुठेही आले नाही.

पण गाड्या त्यांनी अडवल्या नाहीत. म्हणाले, "बियाणं टाकाऊ आहे असं मी म्हणत नाही. नव्वदचं आहे, असं म्हणू देणार नाही. हे जाणून न्या, आणि पायलीमागं मूठभर जादा पेरा." चिठ्ठीवरचा नव्वदचा आकडा खोडून मगच पोती गाड्यांत चढली. रंगनाथराव माझ्याशी न बोलता गेले.

तीन आठवड्यांनी अंबादासराव मला घेऊन स्वखर्चाने केदारखेड्याला गेले. आपल्या हातून बियाण्यावर अन्याय तर झाला नाही, हे त्यांना पाहायचे होते. धोतर खोचून ते तासात बसले, सुतळी लावून रोपे मोजू लागले. रंगनाथराव आले. रान हिरवेगार होते.

"उगवलं की हो साहेब! मंग तुमचं खोटं ठरलं म्हणायचं?"

"किती जादा पेरलं होतं?"

"मूठ म्हणलं होतं तुम्ही. आम्ही भ्यालो न् दोन टाकल्या. कुणी तीन. कुणाला याद हाय?"

अंबादासरावांनी सुतळी गुंडाळली आणि खळखळून हसले. "मग आता मी बरोबर होतो की चूक, हे मला कधीच कळायचं नाही!"

रंगनाथराव त्यांच्याकडे बघतच राहिले. मग मला म्हणाले, "इवाई, असा माणूस न्हाई पाह्यला. चला, भाकर खाऊन जा दोघं." लेकीच्या हातची भाकरी त्या दिवशी मला गोड लागली.

विद्वान मी बरेच पाहिले, सगळे खात्रीने बोलणारे. आपण किती वेळा चुकू शकतो, हे आधीच सही करून सांगणारे आणि त्या चुकीसह सुखाने जेवायला बसणारे मी एकच पाहिले. त्यांच्यापुढे माझे डोके आपोआप लवते.

समितीची मंडळी त्यांना शंभर वर्षे मागतील. मी वयाने थोरला, माझ्या आशीर्वादाला थोडे वजन असेल, म्हणून मागणे लहान पण पक्के करतो : अंबादासरावांचे डोळे तेज राहोत, गुडघे धड राहोत, आणि दर उन्हाळ्यात गोणपाटापुढे उकिडवे बसून मोजण्याइतकी ताकद त्यांच्या अंगी फार फार वर्षे टिकून राहो.