हलक्या हाताची फेलिसिता

आमच्या सान पेद्रोच्या गल्लीत डॉक्टरांनी इंजेक्शन लिहून दिलं की दवाखान्यात जातं कोण? बाटली घ्यायची आणि फेलिसिताचं दार वाजवायचं! हात इतका हलका की टोचून झाल्यावर माणूस विचारायचा, "झालं?"

भाचा येउरी तिनेच वाढवला. बेसबॉलमध्ये पोरगं वाघ. एजंट किरिनोने त्याला आणि माझ्या एदिसोनला अमेरिकेतल्या क्लबमध्ये लावून दिलं. हिवाळ्यात पोरं घरी आली की हा मेला बाटल्या घेऊन हजर. "जीवनसत्त्वं आहेत, ताई. अंगात ताकद नको?" फेलिसिता दोघांनाही टोचायची आणि वर क्रुसाची खूण करायची.

यंदा रेडिओवर बातमी आली: येउरीच्या तपासणीत स्टेरॉइड सापडलं. क्लबने करार मोडला, पोराला घरी पाठवलं. इकडे पोलिसांनी किरिनोला धरलं. बाटल्या घोड्यांच्या औषधाच्या होत्या म्हणे! घोड्यांच्या! एदिसोन अजून तिकडेच खेळत होता आणि त्याची तपासणी व्हायची होती.

सरकारी वकिलांनी येउरीला बोलावलं. फेलिसिता आणि मी सोबत गेलो.

"सुई कोणी टोचली?" त्यांनी विचारलं.

"मीच," येउरी म्हणाला.

"खोटारड्या!" फेलिसिता ताडकन उठली. "साहेब, मी टोचली. काय आहे ते न विचारता टोचली."

"मावशी, गप्प बस ना! तुला आत टाकतील."

"टाकू देत."

वकिलांनी पेन उचललं. "आणखी कोणाला टोचलीत?"

मी तिचा हात घट्ट धरला. "फेलिसिता, तुझ्या पाया पडते. माझ्या पोराचा खेळ संपेल गं!"

ती माझ्याकडे वळली. चेहरा पांढराफटक. "अगं, काल डॉक्टर म्हणाले, येउरीचं हृदय सुजलंय. विशीच्या पोराचं! तुझ्याही लेकराला मीच टोचलंय ना? तो आजही उन्हात धावतोय."

माझा हात आपोआप सुटला.

"एदिसोन," ती वकिलांना म्हणाली. "त्याला आधी थांबवा."