पाणी पिलात का?

"पाणी पिलात का?"

पंपाच्या पडद्याकडे बघण्याआधी आमचे पंप-तंत्रज्ञ पेशंटच्या ओठांकडे बघत आणि हे विचारत. त्यांची मराठी तंजावरची, सूर पक्का तमिळ. चेन्नईतल्या आमच्या रुग्णालयात, दुबळ्या हृदयाच्या मदतीला छातीत बसवलेले पंप ते सांभाळत. मी प्रसिद्धी विभागात. साध्या गोष्टींना ऐतिहासिक म्हणणं हे माझं काम. माझ्यासारखी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

नर्स त्यांना 'तण्णी लॉरी' म्हणत, म्हणजे पाण्याचा टँकर. त्यांना त्याचं काही नव्हतं. मला एकदा म्हणाले, "मैलापुरात आमच्या घरी मोटर आहे की. हौदात पाणी नाही आणि मोटर जोरात लावली, तर काय चढणार? हृदय पण तेच, सार. रिकामं असलं की पंप त्याची भिंतच ओढतो."

मग पंप विभागाचा समारंभ निघाला. शाली, समई, पाहुणे. मंचावर देवळाजवळ फुलं विकणाऱ्या एक अम्मा, पंपावर जगणाऱ्या, आणि शेजारी पंप सांभाळायला ते. अम्मांच्या पंपातून वाहणाऱ्या रक्ताचा आकडा मोठ्या पडद्यावर झळकत होता. भाषणं चालू असताना त्यांना उठावं लागू नये म्हणून संचालकांनी सकाळपासून त्यांचं पाणी बंद ठेवलं होतं. होय, पाणी.

चौथ्या भाषणात आकडा घसरला. अम्मांची मान कलली. संचालक चेहऱ्यावरचं हसू न हलवता पुटपुटले, "स्पीड वाढवा. पाहुणे बघतायत."

"पोदुम, सार! पुरे!" तंत्रज्ञांचे हे शब्द माइकवरून सगळ्या सभागृहाने ऐकले. "पाहुण्यांचं हृदय नाही ते."

डॉक्टरांनी आखून दिलेल्या मर्यादेत त्यांनी स्पीड उलट कमी केला, अम्मांना मागे टेकवलं आणि सलाइन येईपर्यंत स्टीलचा टंबलर त्यांच्या ओठांना लावून धरला. आकडा सावकाश वर आला. बंद पडलं ते फक्त भाषण.

दुसऱ्या दिवशी त्यांना कामावरून कमी केल्याचं पत्र मिळालं. कारण: समारंभात व्यत्यय.

"तक्रार करा, मी सही करतो!" मी तावातावाने म्हणालो.

त्यांनी पत्राची घडी घातली. "अम्मा आज पाणी पिली का, तेवढं बघा."

माझा संताप खरा होता. नोकरीही खरी होती. आठवड्याने रुग्णालयाच्या मासिकासाठी समारंभात अम्मांना पाणी पाजतानाचा फोटो माझ्याकडे आला आणि तंत्रज्ञांना त्यातून कापायचा हुकूमही आला. चेहरा कापला, खांदा कापला. खाली ओळ घातली: 'संचालकांच्या दक्षतेमुळे रुग्ण सुखरूप.' ती मीच लिहिली.

टंबलर धरलेला हात मात्र कापता आला नाही. तो अम्मांच्या ओठांपाशी होता.