निपाणीच्या परण्यात फ्रेंच हॉर्न

कोल्हापूरहून सकाळी सातची एसटी धरली. खिडकीची जागा मिळूनही मला नीट बसवत नव्हतं. मांडीवर हॉर्नची पेटी होती आणि तिच्यावर माझी बोटं उगाच ताल धरत होती.

"ह्यात काय हाय, ढोल?" तिकीट फाडता फाडता कंडक्टरनं विचारलं.

"नाही. फुंकायचं वाद्य आहे."

"मग मांडीवरच असू द्या. वर ठिवलं तर निपाणीपतोर पोचा पडंल."

मुंबईच्या एका पाश्चात्त्य वाद्यवृंदात मी चौदा वर्षं फ्रेंच हॉर्न वाजवते. वेटोळं घातलेलं पितळी वाद्य, डाव्या हाताची बोटं कळांवर, उजवा हात त्याच्या रुंद तोंडात. तीन वर्षांपूर्वी मी क्युबात महिनाभर राहून आले. हवानाच्या गल्ल्यांत सोन आणि मांबो या तिथल्या नाचांच्या तालावर म्हाताऱ्या बायका हातात भाजीची पिशवी घेऊन नाचताना पाहिल्या आणि तेव्हापासून माझं खुर्चीवर बसून वाजवण्यात चित्त लागेना. शेवटी मी एक जुना युरोपीय कन्सर्टो (एक वादक पुढे, बाकीचे साथीला, अशी रचना) घेतला आणि त्याच्या शेवटच्या भागाखाली मांबोचा ठेका बसवला. तालमीत कुणाचाही पाय हलला नाही. आमचे संचालक म्हणाले, "दोन्ही गोष्टी चांगल्या आहेत, पण त्यांची ओळखच झालेली नाही." मैफलीत ही रचना घ्यायची की नाही, ते पंधरा दिवसांत ठरवणार होते.

आमच्या तालवादकाची सासुरवाडी निपाणीची. तो म्हणाला, "जिथे लोक खरंच नाचतात तिथे वाजवून बघ. आमच्या लग्नात बाळू मास्तरांचा बँड होता. त्यांना फोन करतो." मार्गशीर्षाचे मुहूर्त चालू होते. मी दुसऱ्याच दिवशी निघाले.

निपाणीच्या स्टँडवर उतरले तेव्हा हवेत तंबाखूचा उग्र वास होता. बाळू मास्तरांची खोली गिरणीच्या मागे होती. भिंतीवरच्या खिळ्यांना ट्रम्पेटं लटकलेली, खाली सतरंजीवर लाल कोटांना इस्त्री चाललेली. मास्तर पन्नाशीचे, बारीक, बोलताना ओठांवरून सारखा अंगठा फिरवणारे. ट्रम्पेटवाल्याची ती सवय मी लगेच ओळखली.

मी चार ओळी वाजवून दाखवल्या. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

"आवाज लोण्यागत हाय, मॅडम. पण बाई बँडात म्हंजे लोक नवरा बगतील का तुमास्नी?"

"मला शेवटच्या ओळीत ठेवा."

"तितं तर ठिवणारच," ते म्हणाले आणि हसले.

ढोल-ताशावाल्यांनी मांबोचा ठेका दहा मिनिटांत उचलला. मला मुंबईत तो समजावायला दोन आठवडे लागले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी परण्या निघाला. (लग्नाआधी नवरदेव घोड्यावर बसून मारुतीच्या पाया पडायला जातो, ती मिरवणूक.) पुढे नाचणारी मंडळी, मग बँड, बँडमागे घोडा. दोन नेहमीची गाणी झाली, नाचून नाचून रस्ता गुलालानं लाल झाला. मग मास्तरांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. ठेका सुरू झाला आणि मी कन्सर्टोची सुरावट धरली. मनापासून धरली, सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल अशी.

नाचणारे थांबले. एकाने हात वर केले होते, ते तसेच राहिले. मला वाटलं, आवाज कमी पडतोय. मी वरचा सूर पूर्ण ताकदीनं लावला आणि मागे आरडाओरडा झाला. हॉर्नचं तोंड मागच्या बाजूला असतं. तो सूर थेट घोड्याच्या कानात गेला होता. घोडा मागच्या पायांवर उठला, नवरदेवानं आयाळ घट्ट पकडली, फेटा गटारात गेला. घोडेवाल्यानं लगाम ओढून त्याला आवरलं म्हणून निभावलं.

नवरदेवाचा मामा धावत आला. "ओ बाई, बंद करा ते! लगीन लावायचं हाय का न्हाय?"

मी हॉर्न खाली घेतला आणि बाजूच्या पानपट्टीपाशी उभी राहिले. मिरवणूक पुढे गेली. पोरगा पडला असता तर, हा विचार डोक्यातून जाईना.

दुपारी मास्तर जेवणाच्या मांडवात माझ्याशेजारी येऊन बसले. मसालेभात निवत होता, मी एक घासही घेतला नव्हता.

"माजं नाव गेलं असतं आज," ते म्हणाले. आवाज चढवला नव्हता, म्हणून जास्त लागलं. "परवा आनि एक परण्या हाय. माजे गुरू हायत बेळगुंदीला, परशराम आप्पा. पलटणीच्या बँडात त्यांनी हेच वाद्य वाजवलंय. त्यांच्याकडं जावा. ते बरं म्हणाले तर परवा या. न्हाईतर तशाच मुंबैला जावा."

रात्रभर लॉजच्या खोलीत येरझाऱ्या घातल्या आणि उजाडताच बेळगावची गाडी पकडली. तिथून बेळगुंदीची बस. शहर सुटल्यावर दोन्ही बाजूंना रताळ्यांची काढणी चालू होती, बांधावर मातकट गुलाबी ढीग लागलेले. आप्पांचं घर शोधावं लागलं नाही. पेटी पाहून एका बाईनं स्वतःच हाक मारली, "मामंजींच्याकडं आलासा न्हवं?" ती आप्पांची सून, सुवर्णा. मास्तरांचा फोन आधीच पोचला होता. तिचा नवरा जवळच्या मच्छे गावच्या कारखान्यात पहिल्या पाळीला गेला होता. तिनं उकडलेल्या रताळ्यांची ताटली आणि गूळ पुढे ठेवला, आणि मला भूक लागलीय हे मला तेव्हा कळलं.

आप्पा सत्तरी ओलांडलेले, ताठ. त्यांनी पेटी उघडायला लावली, हॉर्न हातात घेतला, तोंडाला मात्र लावला नाही.

"म्होरचे दोन दात गेले आनि वाजवणं संपलं," ते म्हणाले. "कवळीवर हवा धरत न्हाय. बरं, घोडा का उदळला सांग."

"मी जोरात वाजवलं."

"ते झालंच. पण तू वाजवलंस कुणासाठी?"

"नाचणाऱ्यांसाठी."

"ते म्होरं हुतं. आपला आवाज मागं जातोय पोरी. पलटणीत आपल्या मागं शंभर मानसं चालालेली असत्यात. त्यांचे पाय आपल्या हातात. मी तीस वर्षं काय वाजवलं ठावं हाय? 'उम-पा, उम-पा' मधला नुसता 'पा'. 'उम' मोठ्या ट्यूबावाल्याचा, गाणं ट्रम्पेटवाल्याचं."

मला हसू आलं, आणि लगेच लाज वाटली. आम्ही वाद्यवृंदातले लोक त्या 'पा'ची चेष्टा करतो.

त्यांनी मला बांधावर नेलं. ते पुढे चालायचे, प्रत्येक पावलाला टाळी. मी मागून फक्त दोन टाळ्यांच्या मधल्या जागेत एक छोटा सूर द्यायचा. पाच मिनिटांत मी चुकले. घाई होत होती, पाय आधीच पुढे पडत होते.

"पळू नको. जागा मोकळी झाल्याबिगर पाय ठेवायचा न्हाय."

दोन तास आम्ही रताळ्यांच्या शेताला फेऱ्या मारल्या. काढणीच्या बायका हसून हसून दमल्या, मग त्यांनी आमच्याकडे बघणंही सोडलं. हवानात एका वादकानं मला हेच सांगितलं होतं, की ठोका तुझा नाही, त्याच्या आजूबाजूची जागा तुझी. तेव्हा मी ते वहीत लिहून घेतलं होतं. बेळगुंदीच्या ढेकळांत ते पोटऱ्यांना समजलं.

निघायच्या आधी आप्पा जरा घुटमळले. "बाळू म्हणाला त्या कन्सर्टोचा मधला भाग येतो का तुला? सावकाश हाय तो?"

"येतो."

"बराकीच्या मागं जाऊन शिकलतो मी. कुणाम्होरं वाजवायची येळ आलीच न्हाय."

मी ओसरीवर उभी राहून वाजवायला लागले. त्यांची डाव्या हाताची तीन बोटं गुडघ्यावर हलत होती, एकही जागा न चुकता. लांब ओळ संपत आली तेव्हा मला त्यांचा श्वास ऐकू आला. मी जिथे घेते बरोबर तिथेच त्यांनीही घेतला. सुवर्णा दारात पिठाच्या हातांनी उभी होती. संपल्यावर ती म्हणाली, "मामंजी, हे तुमी कधी बोलला न्हाईसा."

आप्पा उठले, खुंटीवरचा कोट घेतला. "निपानीची शेवटची गाडी कितीला हाय?"

दुसऱ्या दिवशीच्या परण्यात त्यांनी स्वतःहून खुळखुळे मागून घेतले आणि माझ्या शेजारून चालू लागले. सुरावट मी मास्तरांच्या ट्रम्पेटला दिली होती, सकाळी मंगल कार्यालयाच्या मागे बसून त्यांनी ती कानानं उचलली. ठेका सुरू झाला. मास्तरांनी कन्सर्टो छेडला, त्यात आपल्या दोन-चार हरकती घुसवल्या. मी मागे, हलक्या आवाजात, नुसता 'पा'. उजवीकडे आप्पांचे खुळखुळे. चाळीस पावलं काहीच झालं नाही. मी कानानं मागच्या नालांचा आवाज पकडून होते. घोडा चालत होता. मग नवऱ्याची एक जाडजूड आत्या नथ सावरत पुढे आली, पदर खोचला आणि नाचायला लागली. तिच्यामागून सगळी आळी.

मारुतीच्या देवळापाशी मुलीचे काका मास्तरांना विचारायला आले, "कंच्या पिच्चरमधलं हो हे?"

"अजून यायचाय पिच्चर," मास्तर म्हणाले.

माझ्याकडे कुणीच पाहिलं नाही. ते जरा टोचलं, खोटं कशाला सांगू. चौदा वर्षं मी माझा आवाज ओळखू यावा म्हणून झटले होते. परतीच्या गाडीत कागलच्या पुढे मी वही काढली आणि माझ्याच सुरावटीवर काट मारली. पुण्यापर्यंत तीनदा ती परत लिहिली आणि तीनदा खोडली. निपाणीला मला शांत वाटेल अशी माझी कल्पना होती. उलट आता वाद्यवृंदातली खुर्ची आणखीच टोचणार, हे कळून चुकलं. पण कुठे चुकत होतं, हे शोधत फिरणं तरी संपलं होतं.

संचालकांनी नवी मांडणी वाचली. "लोक हॉर्न ऐकायला येणार आणि सुरावट ट्रम्पेटला? तुझी तुला परत घे, मग रचना घेतो."

"मग नको," मी म्हणाले आणि बाहेर पडले. जिन्यातच पश्चात्ताप झाला. तरी परत वर गेले नाही.

चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला. "ट्रम्पेटवर कोण आहे तुझ्या मनात?"

"निपाणीचे बाळू मास्तर," मी सांगून टाकलं.

मास्तरांना मी अजून विचारलंच नव्हतं. लगेच फोन लावला. पलीकडे ताशा कडाडत होता, मला ओरडून सगळं सांगावं लागलं.

"येतो की, आक्का," मास्तरही ओरडले. "पण त्या दिवशी मुहूर्त असला तर जमायचं न्हाय हां."

मी कॅलेंडर घेऊन खाली बसले.