गोंदाला दम

पहाटे चारला त्याचे डोळे उघडायचे. गजर लावलेला साडेचारचा, पण तोवर अंथरुणात पडून राहील तर शपथ. उठायचा, चहाचं आधण ठेवायचा आणि पाणी उकळेपर्यंत भिंतीच्या रंगाचा पोपडा काढायचा, नाहीतर खिडकीच्या चौकटीची पट्टी नखाने उचलून परत बसवायचा. घरमालक म्हणायचा, "भाडेकरू ठेवलाय की उंदीर?"

कारखान्यात त्याचं नाव चुळबुळ्या. खरं नाव पगाराच्या पावतीवर तेवढं होतं.

तिथे स्पोर्ट्स कार तयार व्हायच्या. बुटक्या, रुंद, वाऱ्याशी पैज लावणाऱ्या. चुळबुळ्याच्या खात्यात गाडीचं आतलं काम चाले. डॅशबोर्डवर आणि दारांच्या आतल्या अंगाला चामडं चढवायचं. चामड्याच्या पाठीला सोल्यूशन, म्हणजे गोंद, लावायचं, डॅशबोर्डला लावायचं आणि थांबायचं. सगळी मेख या थांबण्यात. घाई केली तर आत ओल कोंडते, गाडी उन्हात उभी राहिली की फुगा येतो. म्हणून बोटाच्या मागच्या पेराने सोल्यूशनला हलकेच शिवायचं. पेराला काही लागलं नाही, की मगच चामडं ठेवायचं. याला खात्यात 'दम देणं' म्हणत.

ज्याला घटकाभर बसवत नाही, त्याच्या नशिबी हे काम! त्याच्या वस्तादाने सुरुवातीची काही वर्षं त्याला नुसतं ओरडून घडवलं. "दम दे रे! गोंद आहे, गाढव नाही ढकलायला." हात मागे बांधून टेबलाशी उभं राहायची सवय त्याने अंगाला लावून घेतली. पाय नाचायचे, हात नाही. वस्ताद गेला तेव्हा खात्यात दम द्यावा तर चुळबुळ्याने, असं लोक म्हणू लागले होते. नव्या माणसांना तोच शिकवायचा. अभिमान म्हणाल तर त्याला या एकाच गोष्टीचा होता.

घरी त्याची बायको त्याच्या उलट. शांत बाई. इस्पितळाच्या धुलाईघरात रात्रपाळीला होती. ती जिना चढायची तेव्हा हा उतरायचा. संसार बराचसा जिन्यावरच झाला.

"चहा झाकून ठेवलाय."

"डबा घेतलात का?"

"घेतला. झोप."

"झोपते. खालच्याला सांगा."

खालचा म्हणजे पत्रेवाला. त्यांच्या खोलीखाली त्याचं दुकान. सकाळी आठला हातोडा सुरू. ती कानात कापूस घालायची, डोक्यावर उशी घ्यायची, खाट या भिंतीकडून त्या भिंतीकडे सरकवायची. झोप लागायची ती तुकड्यातुकड्यांनी. अलीकडे तिचे हात कापू लागले होते. एकदा गरम इस्त्रीचा चटका बसला, तर म्हणाली, "डोळा लागला होता उभ्या उभ्या." त्या दिवसापासून चुळबुळ्याच्या डोक्यात एकच भुंगा: हिला दिवसा झोपता येईल असं घर. त्यासाठी दोघं पोटाला चिमटा घेत होती.

अशात गाड्या परत येऊ लागल्या.

काचेलगतचं चामडं उचललेलं. कुठे फुगा, कुठे कड सुटून वर वळलेली. एवढी महागाची गाडी आणि आतून पापडासारखी. मोठ्या साहेबांनी खात्यात येऊन सांगितलं, "महिनाअखेरीस गरम खोलीत चाचणी घेऊ. पुन्हा फुगे आले तर हे काम बाहेर देणार." बाहेर देणार म्हणजे तुम्ही घरी बसणार, हे सांगायची गरज नव्हती.

त्या रात्री चुळबुळ्याने जेवता जेवता ताटलीची कड खरवडली. झोपेत पाय झाडले. बायको रात्रपाळीला, त्यामुळे लाथा भिंतीला.

सोल्यूशन बदललं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. जुन्याचा वास छातीत बसायचा, म्हणून कारखान्याने पाण्यात कालवलेला नवा गोंद आणला. दुधासारखा पांढरा. खात्याने सरळ निकाल देऊन टाकला, की गोंदच नासका. चुळबुळ्याने त्यावर उपाय काढला. "पाण्याचा आहे ना? मग जास्त दम द्या." सगळे जास्त थांबू लागले. फुगे वाढले. तो आणखी थांबवू लागला.

गोंदाचं काम बघणारी एक तरुण इंजिनिअर होती. ती त्याच्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"काका, तुम्ही फार थांबताय."

चुळबुळ्या हसला. "मॅडम, आयुष्यात पहिल्यांदा हे ऐकतोय. माझ्या आईला सांगा."

समोरच्या टेबलावरचा टकल्या खिदळला.

"चेष्टा नाही करत. हा गोंद पेराला लागायचा थांबला, तेव्हा त्याचा जीव गेलेला असतो. पांढरा रंग जाऊन काचेसारखा दिसला की लगेच, गरम हवा मारून, चामडं ठेवायचं."

"लगेच ठेवलं की फुगा येतो. वस्तादाने शिकवलंय."

"वस्तादांच्या गोंदाला येत असेल. एक तुम्ही करा, एक मी करते. दोन्ही गरम खोलीत ठेवू."

त्याला राग आला. कालची पोर आपल्याला गोंद शिकवणार? पण नाही म्हणायला तोंड उघडलं, तर डोळ्यांसमोर आली ती बायकोची चटका बसलेली बोटं. म्हणाला, "करा."

दुसऱ्या दिवशी गरम खोलीतून दोन्ही डॅशबोर्ड बाहेर काढले. अख्खं खातं जमलं. चुळबुळ्याच्या कामावर कडेला फुगा, बोटाने दाबला की खाली बसे आणि पुन्हा वर येई. इंजिनिअर बाईच्या कामाला सुरकुत्याच सुरकुत्या, पण कड ओढून बघितली तर पक्की. त्याने पुन्हा ओढली. पक्कडीने ओढली. चामडं ताणलं, सुटलं नाही.

 

"सुरकुत्या का आल्या?" त्याने विचारलं.

"माझे हात सावकाश चालतात. रंग गेला की वेळच उरत नाही."

त्याने एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा स्वतःच्या हातांकडे. मग एक कोरा डॅशबोर्ड ओढून घेतला. गोंद मारला. पेर पुढे केलं नाही. डोळे लावून बसला. पांढरा रंग कडेकडून विरत गेला, आणि तो विरला न विरला तोच त्याने गरम हवा मारून चामडं टाकलं. मग हात सुटले. मध्यावरून कडेकडे, वळणावर अंगठा, कोपऱ्यात पट्टी, परत अंगठा. इतकी वर्षं मागे बांधून ठेवलेले हात ते. वासरू दावं तोडून उधळावं तसे धावले. एकही सुरकुती नाही.

"अरे, हा तर सुटलाच!" टकल्या म्हणाला. "चुळबुळ्या, तुझं राज्य आलं रे बाबा."

"गप. पेर लावणं बंद करा सगळ्यांनी," तो म्हणाला. "मी चुकीचं शिकवलं. रंग बघा, गरम करा आणि पळा."

वस्तादाचं मोडलं, असं त्याला पुढे कित्येक दिवस वाटत राहिलं. जुनी माणसं पेर लावायचीच, नकळत. मग तो त्यांच्या हातावर टपली मारत फिरायचा. या टेबलाकडून त्या टेबलाकडे, दिवसभर. बाई रंगाकडे बघत ओरडायची, "आत्ता!" आणि हा हात चालवून दाखवायचा.

महिनाअखेरीस गरम खोलीत डॅशबोर्डांची रांग लागली. साहेब हात फिरवत गेले, एका कडेशी थबकले, वाकले. चुळबुळ्याचा पाय जमिनीवर शिवणयंत्रासारखा चालत होता. साहेबांनी कडेवरचा दोरा उचलून फुंकला आणि पुढे गेले.

काम खात्यातच राहिलं. पगार चालू राहिला. बढती वगैरे काही मिळाली नाही.

पुढे काही वर्षांनी त्या पगारातून दोन खोल्या आल्या. इमारतीच्या मागच्या अंगाला, पाण्याच्या टाकीकडे तोंड करून. उजेड कमी, भिंती जाड, शेजार म्हाताऱ्या माणसांचा. बायको पाळी संपवून आली, खाटेवर टेकली आणि म्हणाली, "काही ऐकूच येत नाही हो. चमत्कारिक वाटतं." त्या दिवशी त्याला सुट्टी होती. ती भिंतीकडे वळली आणि लगेच घोरू लागली. त्याने चपला हातात घेतल्या, दार आवाज न करता ओढून घेतलं आणि दुपार कलेपर्यंत बाहेर रस्त्यावर फेऱ्या मारत राहिला.