आतला कॉम्प्युटर दिसेना

पाय मोडल्यापासून काका आतल्या खोलीत पडून होते. काकू गॅसवर लक्ष ठेवत हॉलमधल्या जुन्या कॉम्प्युटरवर बसायची आणि काका आतल्या तशाच जुन्या कॉम्प्युटरवरून तिच्याशी पत्ते खेळायचे. परवा आतला दुरुस्त होऊन आला, तर हॉलमधल्याला तो दिसेचना. काका भिंतीकडे तोंड करून गप्प झाले.

"आता नवे घ्या," मी म्हणालो.

"अरे, दोन्ही चालू आहेत. एकमेकांना ओळखत नाहीत, इतकंच," काकू म्हणाली.

तिने वायर तपासली, मग न चिडता एकेक सेटिंग. आतल्याच्या नेटवर्कचं नाव बदललं होतं. ते तिने पुन्हा सारखं केलं. घरातलं माणूस अबोल झालं, की इतक्या निगुतीने कारण कोण शोधतं?

आतून हाक आली, "अगं, दिसलीस! वाट पत्ते."